पायांची फाईल, मनाची फाईल

इंद्रपुरी, भोपाळ

ती. वैजयंतीताईस,

धाकट्या दत्तात्रयाचा साष्टांग नमस्कार. (त्या आठ अंगांपैकी पाय सध्या माझं ऐकत नाहीत, तेव्हा जेवढी अंगं पोचतील तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला नागपूरच्या थंडीत वाढला असेल. त्यांना हळद-दूध दे, पण मी सांगितलं म्हणू नकोस.

तू फोनवर मला शिष्ट म्हणालीस. नात गायला बसली आणि आजोबा मधेच उठून गेला, हे तुला अपर्णाने सांगितलं. (सुना बातमी अर्धीच पोचवतात.) तुझ्यापुढे मला बोलता येत नाही, साठ वर्षांत आलेलं नाही, म्हणून हे लेखी उत्तर.

गेल्या महिन्यात जवाहर चौकाजवळच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात शमिका पहिल्यांदा एकटी गायली. मी पहिल्या रांगेत, मधोमध. तिने डोळे मिटले आणि माझ्या पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली, आतून कुणी दोरी ओढावी तशी. (ह्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. बसलं की सुरू, चाललं की बंद, आणि संध्याकाळनंतर जोर जास्त.) मी पाय हलवला. शेजारच्या मनोरमाबाई कुजबुजल्या की पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. लहानपणी हेच म्हणत तू गुडघ्यावर चापट मारायचीस, ती आठवून मी पाय दाबून धरला. दोन मिनिटं निघाली. मग उठलो. मला उठलेलं पाहून मागच्या तिघांना वाटलं चहा आला, म्हणून तेही उठले. शमिकाने डोळे उघडले तेव्हा चार पाठी दाराकडे चालल्या होत्या. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजोबा, पसंद नव्हतं तर आधीच बोलायचं ना." तेव्हापासून तिने मोबाइलवरचा तंबोरा लावलेला नाही. ताई, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता मूळ दोष सांगतो. पस्तीस वर्षं मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे विजेची तक्रार विजेच्या रजिस्टरात आणि मशीनची मशीनच्या. सरमिसळ करणाऱ्यांना मी स्वतः झापलेलं आहे. त्याच शिस्तीत मी पायांसाठी एक डॉक्टर धरला आणि मनासाठी दुसरा. (हो, मनासाठी. रिटायर झाल्यापासून सकाळी दात घासायलासुद्धा कारण सापडेना. तुला कळवलं नाही, कारण तू देवळात जायला सांगितलं असतंस.) ह्याचं त्याला सांगितलं नाही आणि त्याचं ह्याला. दोन फायली, दोन कपाटं. मनाची गोळी सुरू झाली तसे पाय जास्तच बेताल झाले. पाय झोपू देईनात, झोप नाही म्हणून मन आणखी खाली, आणि मी आपला दोन्ही फायलींत इमानेइतबारे नोंदी करतोय.

शेवटी अपर्णाने दोन्ही फायली एकाच पिशवीत कोंबल्या. पायांच्या डॉक्टरीणबाईंनी त्या वाचल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "अंकल, आदमी तो एक ही है ना?" मनाच्या काही गोळ्यांनी काही जणांचे पाय बिघडतात म्हणे. दोघा डॉक्टरांनी फोनवर बोलून माझी गोळी बदलली. रक्तातला लोहाचा साठाही तळाला गेलेला निघाला (आयुष्य लोखंडात काढलं त्याचं हे फळ), त्याचंही औषध चालू आहे. जादू काही झालेली नाही, पण परवा मी कुणी न सांगता दाढी केली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच हॉलमध्ये शमिकाचं गाणं आहे. ती नाही म्हणते, पण तिच्या गाण्याच्या बाईंनी नाव घालून टाकलंय. मी शेवटच्या स्वरापर्यंत हॉलमध्ये राहणार आहे. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर घड्याळ लावून बसण्याचा सराव करतो. काल अठरा मिनिटं झाली. गाणं पंचवीस मिनिटांचं आहे, राहिलेली सात मी मिळवणारच. तू येण्याची मुळीच गरज नाही, माझं मी बघेन.

तुझा,
दत्ता

ता. क. : घरात आणखी कुणाला हे होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि परत येताना रिक्षात बाबा आठवले. जेवणं झाली की क्वार्टरच्या गॅलरीत त्यांच्या येरझारा सुरू व्हायच्या, आणि आज आपलं काय चुकलं म्हणून आपण दोघं पांघरुणात श्वास धरून पडायचो. ताई, ते आपल्यावर चिडलेले नसतीलच गं. आपण कधी विचारलंच नाही.

आणखी एक : शमिकाला तसं वाटत राहायला नको. गाण्याआधी मी तिला सगळं सांगणार आहे, मनाचंसुद्धा. येऊ नकोस असं वर लिहिलंय ते खोडणार होतो, पण हे पत्र फ्रिजवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय, अक्षर आधीच वाईट आलंय. तू शनिवारीच ये. हॉलमध्ये माझ्या शेजारी बस, आणि माझा पाय हलला तर चापट मारू नकोस. हलू दे. लक्ष्मी गेली तर जाऊ दे, मला थांबायचं आहे.