केतकीची पाच फेजची मोटार

सोम. ३ फेब्रु.
के.ची मोटार बांधून दिली. पोरीच्या पीएच.डी.साठी, पाच फेजची. बत्तीस वर्षं धायरीत मोटारी बांधतोय, सगळ्या तीन फेजच्या. ही पहिलीच अशी. वीस कॉइल, दृष्ट काढावी अशी बांधणी. स्कूटरवर पायाशी ठेवून कोथरूडला कॉलेजात घेऊन गेली. सौ. म्हणाली, हेल्मेट मोटारीलाच घाला.

रवि. ९
के. जेवतानाही वहीत आकडेमोड करत होती. तिचं काम असं (मला कळलं तेवढं): बॅटरी तीच, पण विजेच्या मुख्य लाटेत तिप्पट वेगाची तिसरी लाट मिसळायची, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज पुरेपूर वापरलं जातं नि मोटारीला जोर जास्त. हिची मोटार मात्र लाट मिसळली की सुस्तावते, तापते. सर म्हणतात प्रोग्रॅम चुकलाय. म्हटलं, सरांना एक कॉइल गुंडाळून दाखवायला सांग. हसली नाही.

बुध. १९
डोळे खोल गेलेत पोरीचे. प्रोग्रॅम तिसऱ्यांदा पहिल्यापासून लिहिला. २८ ला समितीपुढे मोटार चालवून दाखवायची, नाही तर सहा महिने पुढे. "आप्पा, मलाच येत नसेल." असं कधी बोलत नाही ती.

गुरु. २०
बांधणीसाठी तिने दिलेला कागद दुकानात पुन्हा काढला. कॉइल १ ते ६ स्लॉट (तार बसवायच्या खाचा), असं स्वच्छ लिहिलंय. मी १ ते ५ घेतली. चुकून नव्हे, मुद्दाम. एक स्लॉट आखूड घेतली की वरच्या (तिसरी, पाचवी अशा) लाटा दबतात, मोटार गुणगुणत नाही, तांबंही वाचतं. हयातभर हेच केलं. वाटलं, पोरीला काय ठाऊक, आपण सुधारून देऊ. आणि तिला हवी ती तिसरी लाटच मी बिघडवून ठेवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.
सौ. म्हणाली, "अहो, मग बसलात काय? आजच सांगा."
के. जेवून लगेच झोपली, म्हणून नाही सांगितलं. (हे कारण खरं नाही.)

शुक्र. २१
सकाळी चहाला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग, "म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर होता?" म्हटलं, पहिल्या दिवसापासून. रडायलाच लागली. मग चिडली, चांगलीच. वाया गेलेले दिवस, सरांची बोलणी, सगळं काढलं. ऐकून घेतलं.
"मला विचारायचं तरी, आप्पा."
खरंय. गिऱ्हाइकाला विचारायची सवयच नाही मला.

रवि. २३
मोटार परत आणली, सगळी तार कापून काढली. के. म्हणाली, मीही बांधणार. बारा कॉइल माझ्या, आठ तिच्या. १ ते ६. तिची तार सैल बसते. दोनदा हात पुढे गेला, मागे घेतला. शेवटी तीच म्हणाली, बोला की. बोललो. फार गुणाची आहे पोरगी, तोंडावर कधी म्हटलं नाही.

गुरु. २७
व्हार्निश वाळलं. मीटर लावून पाहिलं, कुठे शॉर्ट नाही. फिरवायची मात्र थेट उद्या, कॉलेजात; पाच फेजची वीज देणारं यंत्र तिथेच आहे. माझी कॉइल कुठली, तिची कुठली, आता मलाही ओळखू येत नाही. के.ला म्हटलं, तापली तर बापाची चूक म्हणून सांग.
"मी नाही सांगणार. तुम्हीच या सांगायला."
नऊला निघायचंय.