सुभद्राबाईचं तिकीट

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या हॉल्टवरून एकही माणूस गाडीत चढला नाही. आणि नेमका आजच रेल्वेचा साहेब प्रवासी मोजायला आला होता. प्रवासी कमी भरले तर पासिंजर इथं थांबणार नाही, हे गावाला मीच सांगितलं होतं. खिडकीवर तिकिटं विकतो ना मी.

पण पहाटे सुभद्राबाई गेली. इतकी वर्षं रोज मासळीचं टोपलं घेऊन वडशाच्या बाजाराला जायची. बाकीच्या बायका तिचं बघूनच जाऊ लागल्या. गावात मयत असताना गाडी कोण पकडणार? सगळे तिच्या दारात. मी खिडकी उघडली आणि हातानं सवयीनं तिचं तिकीट काढलं, तारखेचा शिक्काही मारला. काऊन मारला?

साहेबाला म्हटलं, "गावात मयत झाली, साहेब. उद्या मोजा नं."

"मले आजचाच हुकूम आहे, भाऊ."

मी ते तिकीट पुढं केलं. तो हळूच म्हणाला, "तिकीट आहे. पण बाई कुठी आहे?"

गाडी मिनिटभर थांबली आणि गेली. त्यानं कागदावर शून्य लिहिलं. खाली मी सही केली. करायला नको होती का?

मयत आटोपल्यावर तिच्या शेजारची पारबता भेटली. म्हणाली, "उद्यापासून जातो भाऊ आम्ही. बाईले घरी बसलेलं आवडत नव्हतं." मी मान हलवली. शून्याचं बोललोच नाही.

तिकीट चितेवर ठेवायचं होतं, तेही राहून गेलं. अजून खिशात आहे. शिक्का आजचा आहे. उद्या ते चालणार नाही.