गुलाबी गालांचा वारा

३ फेब्रुवारी, सकाळी
निर्णय पक्का. यांचा नकाशा ग्रंथालयाच्या प्रदर्शनात लागणार आणि खाली कार्डावर यांचं नाव. नकाशा विभागात एकतीस वर्षं अटेंडंट होते. लोकांना नकाशे काढून दिले, परत गुंडाळून ठेवले. त्या इमारतीत हजेरीपट सोडून नाव कुठेही नाही. पुढचं प्रदर्शन दहा वर्षांनी. तोवर मी कुठली असायला. रडायचं नाही. अर्ज करायचा.

४ फेब्रुवारी
नकाशा भिंतीवरून उतरवला. दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीने छापलेला. जादा प्रत म्हणून मोठ्या साहेबांनी यांना निवृत्तीच्या दिवशी दिला, चिठ्ठीसकट. समुद्रात जहाजापेक्षा मोठा मासा. चार कोपऱ्यांत गाल फुगवून फुंकणारे चार वारे. खाली डावीकडचा वारा म्हणजे रागावलेली मी, असं हे म्हणायचे. नेमके त्याचेच गाल गुलाबी. योगायोग.

६ फेब्रुवारी
पुस्तकात वाचलं की नकाशाच्या नावाभोवतीची चौकट नीट बघावी. बघितली. खुर्चीत दोन गोरे साहेब, समोर आपले सहा जण गाठोडी घेऊन. साहेबांची नाकंसुद्धा वेगवेगळी, आपल्या सहाही जणांना एकच तोंड. पण यांनी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा सदरा दिला आहे.
यांनी म्हणजे त्या काळच्या कारागिराने.

७ फेब्रुवारी
लेक आली. म्हणे रंग बाबांनी भरले, आजारपणात, खिडकीशी बसून. मी सांगितलं, ब्रश होता तो धूळ झटकायला. आणि ग्लासातलं निळं पाणी? औषध.
"आई, निळं औषध कुठल्या डॉक्टरने दिलं होतं?"
हल्ली मुली आईची उलटतपासणी घेतात. ती गेल्यावर नातीची रंगपेटी उघडली. गुलाबी वडी झिजून खालचा पत्रा दिसतोय. मुलं रंग फार उधळतात. पेटी माळ्यावर टाकली.

१० फेब्रुवारी
ग्रंथालय. नकाशा विभागाच्या बाई लेकीपेक्षा लहान. हातमोजे घालून पाऊण तास भिंगातून बघत होत्या. मी देवाचं नाव घेत बसले. छपाई अस्सल निघाली. रंग मात्र अलीकडचे, शाळेतल्या पेटीतले. मी म्हटलं, शाळा तेव्हाही असतील. बाई हो म्हणाल्या. फार सभ्य.
नियम असा की नंतर भरलेले रंग चालत नाहीत. ओल्या कापसाने त्या काढतील, मग नकाशा लागेल, नावाचं कार्डही लागेल. फक्त संमतीपत्रावर माझी सही हवी. चौदापर्यंत.

११ फेब्रुवारी
आज सही. रंग काय, रंगच. नाव महत्त्वाचं. चष्मा सापडत नाही.

१२ फेब्रुवारी
चष्मा डोक्यावर होता. पेन चालत नाही.

१३ फेब्रुवारी
पेन चालतं. लेकीचा फोन. सही करू नकोस, नकाशा घरीच लाव, खाली कार्ड मी लिहून चिकटवते म्हणाली. तिला सांगितलं, घरात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तिने फोन ठेवला. मीही.

१४ फेब्रुवारी, दुपारी
सही करून नकाशा देऊन आले. सही वाकडी आली ती कागद उडत होता म्हणून. पंखा बंद करायला हवा होता.

२ मार्च, संध्याकाळी
प्रदर्शन उघडलं. यांचं पूर्ण नाव, छापील, एकही चूक नाही. अकरा वेळा वाचलं. एका गृहस्थांना बाजूला सरकायला लावून पुन्हा वाचलं.
मग वर बघितलं. मासा करडा. सहा जण पुन्हा एकाच तोंडाचे, कोण कुठला ते कळेना. खाली डावीकडच्या कोपऱ्यात कोणीतरी उगाच गाल फुगवून बसलेलं. ओळखीचं नाही.
बाई येऊन म्हणाल्या, "छान दिसतोय ना?"
छान, म्हटलं. आणि विचारलं, तो कापूस काय केला?
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि नोंदीसाठी ठेवलेली पिशवी आणून माझ्या हातात दिली.
प्लास्टिकची लहान पिशवी. बरेच निळे बोळे, थोडे हिरवे, तांबडे, पिवळे. गुलाबी एकच.
घरी भिंतीवरचा नकाशाचा खिळा मोकळाच होता, म्हणून तूर्त तिथे अडकवली आहे. कापूसच तो. सोमवारी टाकून देईन.