पूल क्रमांक ११४ चा दुसरा साक्षीदार

मी, व्हर्नन आयनार हेगलंड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार नॉर्डाल गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावरील पांढरे घर, हॅल्डर काउंटी, आयोवा. सन १९७१ ते २००४ या काळात या काउंटीचा रस्ते अभियंता. हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे. पुराव्यादाखल नमूद करतो की काउंटीतले दोनशे बाराच्या दोनशे बारा पूल मी आज सकाळी दाढी करताना क्रमांकाने म्हणून पाहिले. एकशे चौदापाशी अडखळलो, पण त्याचे कारण विसराळूपणा नाही. ते कलम सहामध्ये येईल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी बर्निस, आणि ती २०११ साली वारली.

माझ्या वकील पेगी स्ट्रँड यांनी मला छापील नमुना दिला होता. तो दीड पानाचा होता व त्यात रस्त्यांचा उल्लेखच नव्हता.

कलम १. अंत्यविधी. मला बर्निसशेजारी पुरावे. माझा मृत्यू मार्च किंवा एप्रिलमध्ये झाल्यास घाई करू नये. त्या दिवसांत खालची जमीन वितळत असते आणि दफनभूमीचा रस्ता जेमतेम एका मोटारीचे वजन पेलतो. शववाहिका हलकी असते, पण शवपेटीभोवती बसवायची काँक्रीटची पेटी आणणारा ट्रक रस्त्याला गुडघाभर चर पाडतो, आणि ते बुजवायला दोन वर्षे जातात. मी थांबायला तयार आहे. जानेवारीत गेलो तर हरकत नाही. जानेवारीत या काउंटीत सगळेच भक्कम असते, निदान भासते.

कलम २. घर व त्याखालची चार एकर जमीन माझी पुतणी जोलीन हेगलंड हिला द्यावी. जोलीन शाळेची बस चालवते व चांगली चालवते. एकच अट: घरासमोरचा रस्ता डांबरी करून घेण्यासाठी तिने कधीही अर्ज करू नये. मी तेहतीस वर्षे अभियंता असताना खडीवर राहिलो, कारण अभियंत्याच्या दारात डांबर दिसले की काउंटीतला प्रत्येक जण आपले दार मोजायला लागतो. बर्निसने तेहतीस उन्हाळे खिडक्या पुसल्या. ती म्हणायची, "लोकांना तुझा प्रामाणिकपणा दिसतो, मला तो फडक्यावर दिसतो."

कलम ३. शेजारीण ग्रेटा वॅन्झेल यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांच्या रस्त्याकडेच्या टपालपेटीचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. बर्फ लोटणाऱ्या आमच्या गाडीने ती सात हिवाळ्यांत आठ वेळा पाडली, असे त्या म्हणतात. नियम असा होता की गाडीचे पाते पेटीला लागले तर काउंटी नवी पेटी देते. पात्यावरून उडालेल्या बर्फाने पडली तर देत नाही. मी आठही वेळा स्वतः जाऊन खुणा तपासल्या. तीन वेळा पाते होते, चार वेळा बर्फ होता, आणि एकदा ग्रेटाबाईंची स्वतःची गाडी होती. त्या अजूनही म्हणतात, "अहो व्हर्नन, मी रिव्हर्स घेत नव्हते, मी थांबले होते!" तरीही त्यांना काही न ठेवण्याचे कारण राग हे नाही. त्यांना मी साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि पेगीच्या सांगण्यानुसार ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये. हा नियम वाचकाने लक्षात ठेवावा.

कलम ४. अवजारे. अंतर मोजायचे चाक, मोऱ्यांचे नकाशे आणि तक्रारींच्या एकोणीस वह्या माझ्या जागी आलेल्या अभियंत्याला द्याव्यात. वह्या वाचल्यास काम काय असते हे त्याला कॉलेजपेक्षा लवकर कळेल. धूळ, चिखल, मेलेले हरीण, वाकलेली पाटी, रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरवाल्याने माझ्याच दारासमोर खडीचा ढीग का सोडला, शेजाऱ्याच्या दारासमोर का नाही सोडला. नाश्त्याच्या वेळी फोन येतो आणि फोन करणारा स्वतःचे नाव सांगत नाही, पण आवाज ओळखू येतो. रस्ता चांगला असला की तो देवाने केलेला असतो. बिघडला की अभियंता आठवतो.

हातोडा आणि गिरमिट हीही त्यालाच द्यावीत, पण एकाच पेटीत. लाकडी खांब तपासताना हातोड्याने ठोकून आवाज ऐकतात. शंका आली की गिरमिटाने भोक पाडून आत बघतात. माझी अट ही की शंका आली नाही तरी भोक पाडावे. अट विचित्र वाटल्यास कलम सहा पाहावे.

कलम ५. निवृत्तीच्या दिवशी काउंटी बोर्डाने दिलेली पितळी पाटी. तिच्यावर कोरले आहे: "ज्याने स्वतःच्या भावालाही सूट दिली नाही." बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष भाषणात म्हणाले, "सख्ख्या भावाचा पूल बंद करणारा माणूस आपल्याला पुन्हा मिळणार नाही." लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. बर्निस बसून राहिली. ती पाटी गॅरेजमधल्या डगमगत्या बाकाच्या पायाखाली आहे, तिथेच असू द्यावी.

कलम ६. पूल क्रमांक ११४. या पुलाने मिंक ओढ्यापलीकडचे माझे थोरले भाऊ ऑर्विल यांचे शेत नॉर्डालशी जोडले होते. लाकडी खांब, लाकडी फळ्या, बांधणी १९४१.

मंगळवार, २१ जानेवारी १९८६ रोजी मी तो तपासला. जानेवारीत तपासायचे कारण असे की ओढा गोठलेला असतो आणि चालत खांबापर्यंत जाता येते. थंडी शून्याखाली बावीस होती. मी अठरा खांब ठोकले. अठराही खणखणीत वाजले. आता, पाणी प्यायलेले कुजके लाकूड गोठले की खणखणीतच वाजते, हे मला माहीत होते. ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असते. म्हणूनच गिरमिट असते. गिरमिट माझ्या गाडीत होते, गाडी चाळीस पावलांवर होती, आणि माझी बोटे गारठली होती. मी अहवालावर सही केली.

त्या रविवारी ऑर्विलकडे जेवायला होतो. दर रविवारी असायचो. त्याने बटाटे पुढे सरकवत विचारले, "काय रे, पूल अजून किती वर्षं काढेल?"

मी म्हटले, "आपल्या दोघांना पुरेल."

त्या शब्दावर ऑर्विलने फेब्रुवारीत ओढ्याच्या अलीकडची ऐंशी एकर घेतली. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत असे.

१३ एप्रिल, तोही रविवार. ऑर्विलकडून जेवून परत येताना पुलावर बर्निस म्हणाली, "व्हर्न, हा कठडा वाकडा दिसतोय का मलाच?" मी पूल ओलांडून गाडी थांबवली आणि चर्चचे बूट घालून खाली उतरलो. चौथा खांब रिकाम्या भोपळ्यासारखा वाजला. सातवाही. अकराव्यात गिरमिट घातले तर ते लोण्यात गेल्यासारखे गेले. वर आलो आणि गाडी पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. बर्निस पायी पलीकडे जाऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिली. वहिनींनी दिलेला अर्धा ॲपल पाय तिच्या हातात होता.

तासाभरात ऑर्विल ट्रॅक्टर घेऊन आला. तो त्याच्या टोकाला, मी माझ्या.

"गाडी काढ, व्हर्न."

"नाही काढत. पूल बंद आहे."

"कोणी केला?"

"मी."

"जानेवारीत तूच म्हणालास, दोघांना पुरेल."

"म्हणालो होतो."

"मग तीन महिन्यांत काय झालं त्याला?"

इथे एक वाक्य बोलायचे होते. ते मी बोललो नाही. मी म्हटले, "कूज वाढली."

"एवढ्यात तर तळघरातला बटाटाही कुजत नाही," ऑर्विल म्हणाला. "खरं सांग ना. बोर्डाला दाखवायचंय, मी भावालाही सोडत नाही. माझ्या शेतावर मोठेपणा मिरवतोयस." त्याने ट्रॅक्टर वळवला. त्यानंतर एकतीस वर्षांत तो माझ्याशी बोललेला नाही. बर्निसच्या अंत्यविधीला आला, शेवटच्या बाकावर बसला व कॉफीच्या आधी निघून गेला.

एप्रिलच्या अहवालात मी लिहिले, "मधल्या काळात कूज वाढल्याचे आढळले." हे वाक्य खोटे आहे. ब्याऐंशी दिवसांत लाकूड तेवढे कुजत नाही. पूल जानेवारीतही कुजलेलाच होता, आणि मी तो सुरक्षित ठरवला होता. पुढे नव्या पुलाचा प्रश्न आला तेव्हा दिवसाला बावीसच गाड्या जातात म्हणून मीच नकाराची शिफारस केली. ती आकड्यांनी बरोबर होती. पण सख्ख्या भावासाठी पूल मागायचा म्हटले तर कोणीतरी जुने अहवाल काढून बघितले असते, हेही तिच्यात होते. ऑर्विलला त्याच्या ऐंशी एकरांपर्यंत जायला अकरा मैलांचा वळसा पडू लागला. तीन वर्षांनी त्याने ती विकली.

पण ऐंशी एकर ही गोष्ट नव्हे. त्या ब्याऐंशी दिवसांत शाळा चौपन्न दिवस भरली. नऊ टनांची बस त्या पुलावरून रोज दोनदा गेली, म्हणजे एकशे आठ वेळा. बसमध्ये एकतीस मुले असत. ऑर्विलची जोलीन तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ड्रायव्हरमागच्या तिसऱ्या बाकावर बसायची. एक दिवस घसा धरला म्हणून ती शाळेत गेली नाही. म्हणजे तिचे एकशे सहा. मी हे शाळेच्या हजेरीपटावरून काढले आहे. एकतीस वर्षे मी ते खांब रोज मोजतो. लोकांनी मला प्रामाणिक म्हटले तेव्हा मी गप्प बसलो, भावाने ढोंगी म्हटले तेव्हाही गप्प बसलो, कारण खरे कारण त्याहून वाईट होते. मला लाज वाटते. बर्निसला मी त्याच दिवशी गाडीत सांगितले होते. ती दर रविवारी जेवताना म्हणायची, "त्याला सांग." दुसरे काही म्हणायची नाही.

जोलीन आता त्याच वळशाने बस नेते. त्यातल्या प्रत्येक मैलाने मला बरे वाटते.

कलम ७. माझे बंधू ऑर्विल हेगलंड यांना मी काहीही ठेवत नाही. कारण कलम तीनमधलेच आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे.

पेगी म्हणाली, "व्हर्नन, माझी कारकून करेल की सही. पाच मिनिटांचं काम आहे. आणि साक्षीदाराला मृत्युपत्र वाचावं लागत नाही, तुमची सही पाहिली की झालं."

मी म्हटले, "याला वाचावं लागेल."

"अहो, हे मृत्युपत्र आहे, कबुलीजबाब नाही."

"कागद एकच पुरेल."

तेव्हा, ऑर्विल, स्पष्ट लिहितो. सही केलीस तर तुला काही मिळत नाही, घर जोलीनला जाते. नाही केलीस तर हे मृत्युपत्र रद्द समजायचे आहे, आणि मला मूलबाळ नसल्याने कायद्याने सगळे तुझ्याकडेच येते. दोन्हींत तुझे नुकसान नाही, हे मी तपासले आहे. या वेळी भोक पाडून. दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. तुझी जागा रिकामी राहिली तर हे मृत्युपत्र नव्हे, नुसते पत्र समजावे. तुलाच लिहिलेले.

साक्षीदारांनी फक्त नाव व पत्ता लिहावा. समासात काहीही लिहू नये, असे पेगीने बजावले आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, नॉर्डाल. रविवार, १२ नोव्हेंबर २०१७, दुपारी दोन.

लिहून देणार: व्हर्नन आयनार हेगलंड

साक्षीदार पहिला: ग्रेटा वॅन्झेल, शेजारचे घर, नॉर्डाल

साक्षीदार दुसरा: ऑर्विल हेगलंड, मिंक ओढ्यापलीकडे

(समासात, ऑर्विल हेगलंड यांच्या अक्षरात:) दोनदा वाचलं. एकशे सहा वेळा माझी पोर होती त्यात. हे मी विसरणार नाही, व्हर्न. अकरा मैल आलो. रस्ता चांगला ठेवलायस. पुढच्या रविवारी जेवायला ये. वळशाने ये.