दादाच्या नावाचं तिकीट

जामखेड, मंगळवार संध्याकाळ

काल दादाचं तेरावं झालं आणि आज त्याच्या मोबाईलवर पुण्याच्या मॅचच्या आठवणीचा मेसेज आला. दोन तिकिटं, एक त्याचं, एक माझं. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. तो नेणार म्हणून मी जाणार होतो.

दाजी लगेच म्हणाले, "इकून टाका की! दुप्पट भावानं जाईल." वहिनी खाली मान घालून बसल्या. मला ते लागलं. तिकीट विकायला बंदी आहे, हे खाली बारीक अक्षरांत वाचून बरं वाटलं. पण वहिनींच्या नावावर करता येईल का? तिकीटवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, नावबदलाची विनंती तिकीटधारकांनी स्वतः करायची असते."

"ते वारले."

"ओके सर. मग ते साधारण कधी उपलब्ध होतील?"

मला हसूच फुटलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी! स्पीकर चालू होता. वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तिकीट हाय तसं ऱ्हाऊ द्या. मी येते मॅचला."

"गेटवर ओळखपत्र बघतात. नाव दादाचं आहे, वहिनी."

"मग घेईन की त्यांचं नाव. उखाण्यात."

सोडतील का? नियमात तर बसत नाही. तरी दाजींना सांगून टाकलं, विकायचं नाही.

आत्ताच स्वयंपाकघरातून हाक आली, "भाऊजी, तिकिटाला जुळंल असं क्रिकेटात काय असतं हो?"