अण्णाच्या लॉरीची दांडी

५ जानेवारी, रविवार
सकाळी अंबरपेठला गेलो. अण्णाच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत लॉरी उभी आहे. ती पाहिली. दुपारी वहिनींकडे जेवलो. संध्याकाळी मलकपेठला खोलीवर परत.

लॉरी एकोणीसशे बासष्टची. अण्णाने तिच्यात आजकालच्या पिकअपचं इंजिन बसवून घेतलं. गिअर ऑटोमॅटिक. आणि मग तो गेला. स्टेरिंगची जुनी दांडी हातातल्या चाकापासून सरळ खाली येते, आणि तिच्या वाटेत आता नवं इंजिन आहे. एवढंच काम राहिलंय. दुसरी दांडी निवडायची, बसवायची.

वहिनी म्हणाल्या, भावजी, वर्षश्राद्धाला लॉरी चालली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावते. दारात मढं ठेवल्यासारखं वाटायलंय.

मी म्हणालो, श्राद्धादिवशी तुम्हाला शेजारी बसवून गल्लीत चक्कर मारीन.

लॉरी गेली तर दर रविवारी अंबरपेठला जायचं मला कारण उरणार नाही. अर्थात हा मुद्दा गौण आहे.

संकल्प: डोकं शांत ठेवून काम करायचं. मी मुळात शांतच आहे. बिजली ऑफिसात माझा आवाज कुणी ऐकलेला नाही.

१२ जानेवारी
कुकटपल्लीहून यादगिरी मिस्त्री आला. म्हणाला, जुनीच दांडी तापवून वाकवू. मी म्हणालो, दांडी फिरते, वाकवली तर फिरेल कशी? तो म्हणाला, साब, तुम बिजली का बिल देखो.

मी हातोडा घेतला आणि जुनी दांडी सोडवायला लागलो. निघेना. आणखी मारलं. हेडलाइट फुटला. तो दांडीपासून बराच लांब होता, कसा फुटला सांगता येत नाही. यादगिरीने पाना फेकला. कानाजवळून गेला. मी त्याची कॉलर धरली. आवाज चढवला नाही. वहिनींनी दोघांना चहा आणला. कॉलर धरलेल्या हाताने कप घेता येईना, म्हणून सोडली.

दांडी शेवटी निघाली. माझ्या अंगठ्याचं नखही.

१४ जानेवारी, संक्रांत
वर्षाच्या आत सण नाही. तिळगूळ नाही.

अण्णाचा रितेश खोलीवर आला. गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोनवर एक दांडी दाखवली. नवी कोरी. मध्ये सांधे आहेत, त्यामुळे इंजिनला वळसा घालून जाते. आणि टक्कर झाली तर एकात एक शिरून आखूड होते, ड्रायव्हरच्या छातीत घुसत नाही. म्हणाला, काका, ऑर्डर मारू? चार दिवसांत घरी.

मी म्हणालो, वर्षाच्या आत नवी वस्तू घ्यायची नाही. आपल्यात चालत नाही.

तो म्हणाला, काका, मग हा फोन? दिवाळीत तर घेतला.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि भिंतीवर मारला. नियम म्हणजे नियम. आता त्याच्याकडे नवी वस्तू नाही.

१९ जानेवारी, रविवार
वहिनींनी नेहमीसारखं वाढलं. फक्त डाळीत मीठ नव्हतं. विसरल्या असतील.

निर्णय: रितेशने दाखवली त्याच प्रकारची दांडी घ्यायची, पण वापरलेली. विज्ञानही सांभाळलं जातं, रीतही.

२५ जानेवारी
मलकपेठच्या मागच्या भंगारवाल्याकडे गेलो. तीन दांड्या निघाल्या. जीपची फार लांब. बसची फार जाड. तिसरी एका ठोकलेल्या गाडीतली. आखूड, बरोबर आपल्या केबिनच्या मापाची. कापायचंही काम नाही. मालक म्हणाला, एक्सिडेंट का माल है साब, एकदम टेस्टेड.

हे पटलं.

तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तिचं दुसरं टोक धरलं. मी ओढली. त्याने ओढली. ओढताना दांडी वीतभर लांबली. हा आणखी एक फायदा, लागेल तेवढी होते. तो सोडेना. मी त्याच्या मनगटाला चावलो. तो ओरडला, अरे ये तो काटता! लोक जमले. मी काहीही न बोलता पैसे देऊन निघालो. अशा वेळी बोलण्याने वाद वाढतो. घरी येऊन दांडी ढकलून पुन्हा आखूड केली.

२ फेब्रुवारी, रविवार
रितेशने दांडी हातात घेऊन पाहिली. म्हणाला, काका, ही ऑलरेडी दबलीय. एका टक्करपुरती असते ही, ती टक्कर होऊन गेली. आता हिला धरून ठेवणारं आत काही नाही.

यादगिरी म्हणाला, कायकू डरते बाबू, दो टाके मार देतौं, पहाड हो जाती.

दोन तज्ज्ञांमध्ये मी वयाने मोठ्याचं ऐकलं. रितेश म्हणाला, पप्पा असते तर तुम्हाला हात लावू दिला नसता लॉरीला.

मी त्याच्या कानशिलात मारली. अण्णाने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. ती उणीव कुणीतरी भरून काढायला हवी होती. वहिनी दारात उभ्या होत्या.

माझं ताट आज बाहेर ओट्यावर आलं. हवा छान होती.

वेल्डिंगचे टाके मारून झाले. दांडी बसली. सुंदर दिसते.

८ फेब्रुवारी, शनिवार. वर्षश्राद्ध
ट्रायल घेतली नव्हती. पहिली फेरी अण्णाच्या फोटोसमोर व्हावी अशी भावना होती. मला लॉरी चालवायचं लायसन नाही, पण लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून सगळं पाहिलेलं आहे.

वहिनी पदर खोचून लॉरीच्या पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात म्हणालो, थांबा, आधी गाडी सरळ करून घेतो.

ऑटोमॅटिक गाडी आपली आपण निघते, हे अण्णाने सांगितलं नव्हतं. लॉरीने उडी मारली. मी चाक घट्ट धरून मागे रेललो. चाक माझ्याबरोबर आलं. टाके कट कट करून सुटले, दांडी निम्मी निघून मांडीवर पडली. लॉरी स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत गेली. भिंत खिरीच्या पातेल्यावर पडली. गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढले. ते इतके चपळ असतील असं वाटलं नव्हतं.

रितेशने मला बाहेर ओढून नाकावर ठोसा मारला. दुसऱ्यासाठी हात उचलला, तो तसाच राहिला, आणि तो मला धरून रडायला लागला. माझं रक्त त्याच्या सोवळ्याला लागलं.

वहिनींनी आधी पायरीकडे पाहिलं. जिथे त्या बसणार होत्या तिथे खिडकीची चौकट घुसली होती. म्हणाल्या, भावजी, यांचं वर्ष आज संपायलंय. आता तुमचंही मीच घालायचं का?



पडक्या भिंतीवर कावळे आले. खीर संपवली. अण्णा तृप्त झाला असं धरायला हरकत नाही.

नाकाला दोन टाके. हे पक्के आहेत.

९ फेब्रुवारी
भंगारवाले गॅस कटर घेऊन आले. मी लॉरीसमोर आडवा झालो. चौघांनी उचलून कपाटासारखं बाजूला ठेवलं. लोखंडी पहार घेऊन पुन्हा गेलो. कुणावर उगारावी ते कळेना. बॉनेटवर मारत राहिलो. एक जण दुसऱ्याला म्हणाला, मारने दे, अपना काम हलका होरा.

दुपारपर्यंत ट्रॉलीत भरून नेली. जागा रिकामी. तेलाचा डाग आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी वहिनींचा फोन. भिंत उभी राहिली, जेवायला या म्हणाल्या. मागून रितेश ओरडला, काकाला सांग, मटन है.

म्हणालो, आज जमणार नाही, काम आहे. मनात म्हटलं, लॉरी नाही, मग जायचं कशासाठी?

नंतर पुन्हा फोन वाजला. उचलला नाही. कामात व्यत्यय नको.

वाटीभर तांदूळ निवडले, धुतले, कुकर लावला.