बिनऔषधाचा पंप

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आईनं मला सगळं सांगितलंय. माझं नाव स्क्रीनवर दिसलं की तुम्ही फोन तिच्या हातात देता आणि स्वतः गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालता. मला आता त्या झाडांचीच काळजी वाटायला लागलीय, दिवसातून इतक्यांदा पाणी घातलं तर मुळं कुजतील. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही आणि कटही करता येत नाही. शिवाय तुम्ही आजवर कुठला रस्ता अर्ध्यात सोडून परत फिरला नाहीत, तेव्हा हेही शेवटपर्यंत वाचाल याची मला खात्री आहे. मधेच चष्मा काढून ठेवलात तर आई परत आणून देईल, तसं मी तिला सांगून ठेवलंय.

भांडण तुमच्या दम्याच्या पंपावरून झालंय, तर पंपावरच बोलू. मला तुमच्याशी वाद जिंकायचा नाही. औषध तुमच्या छातीत पोचावं, एवढंच हवंय. मागच्या वेळी आमच्याकडे आलात तेव्हा जिना चढताना तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचत होतात. मी इथे इतकी वर्षं राहते, मलाही त्या ठाऊक नाहीत. खालच्या वकीलबाईंच्या सगळ्या पदव्या तुम्हाला पाठ झाल्या आणि मला कळायचं ते कळलं. नर्सच्या नजरेतून काही सुटत नाही बाबा, आणि मुलीच्या तर नाहीच. तर आता सगळं नीट सुरुवातीपासून सांगते. त्या दिवशी फोनवर मी शेवटापासून सुरुवात केली, म्हणून सगळं फिसकटलं.

आमचा छातीचा दवाखाना तुम्ही बाहेरून पाहिलाय, पण माझी खोली पाहिली नाहीत. एक्स-रेची खोली आणि सामानाची खोली यांच्यामधल्या बोळाला दार लावलं की झाली माझी खोली. एक बेसिन, दोन खुर्च्या आणि कधीच नीट बंद न होणारी खिडकी. डॉक्टर मॅडम पेशंट तपासतात, पंप लिहून देतात आणि कसा घ्यायचा ते सिस्टर दाखवतील म्हणून माझ्याकडे पाठवतात. जुने पेशंट आले की मी आधी त्यांनाच म्हणते, तुम्ही कसा घेता ते दाखवा बघू. काय काय बघितलंय म्हणून सांगू! एक माळीकाका शर्टाची बटणं काढून पंप बाहेरून छातीवर फवारायचे, औषध छातीचंच ना, म्हणून. शाळेतल्या एक बाई हवेत फवारून त्या ढगातून चालत जायच्या, अत्तर लावल्यासारख्या. एक सुतार टोपण न काढताच दाबायचा आणि या औषधाला अजिबात चव नाही म्हणून खूश होता. सगळी शहाणी माणसं हो. कुणी धड दाखवलंच नव्हतं त्यांना.

आणि दाखवणार कशानं? माझ्याकडे होती गोंदाची कांडी. ती तोंडाजवळ धरून मी श्वास घेऊन दाखवायची आणि पेशंट गंभीरपणे मान डोलवायचे. त्यांच्याच पंपावर सराव करून घ्यावा तर शिकताना माणूस चुकणारच, आणि दर चुकीला औषध वाया जातं. परत परत घेतलं तर हात थरथरतात, छाती धडधडते, ते वेगळंच. मला हवा होता बिनऔषधाचा पंप. दिसायला, दाबायला अगदी खऱ्यासारखा, पण आत औषध नाही. असे पंप असतात हे मला माहीत होतं, शिकत असताना एकदा हातात घेतला होता. मिळतात कुठे, हे मात्र कुणी सांगेना.

आधी खालच्या औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चिठ्ठीशिवाय मी पंप देत नाही, आणि औषध नसलेल्या औषधाची चिठ्ठी आजवर कुणी आणलेली नाही. बरोबर होतं त्याचं. मग पेशंटना त्यांचे संपलेले पंप आणायला सांगितलं. पिशवी भरून जमले, मी हौसेनं धुऊनपुसून ओळीनं मांडले आणि मेट्रनबाईंनी येऊन सगळे एका हातानं कचऱ्यात लोटले. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं आणि तेही छातीच्या दवाखान्यात, माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि मी आपली गोंदाची कांडी घेऊन बसले होते.

शेवटी वाट दाखवली ती मॅडमच्या दाराबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसणाऱ्या औषध कंपनीच्या माणसानं. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नसे. मी एकदा चहा दिला तर गडी असा बोलायला लागला, की जणू वर्षभर तोंड शिवलेलं होतं. त्याच्या बॅगेतले नमुने खऱ्या औषधाचे, ते फक्त डॉक्टरांच्या हातात द्यायचे. शिकवायचे पंप कंपनीचा दुसराच विभाग देतो. फुकट देतो, पण मागितल्याशिवाय देत नाही. दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहायचं, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक घालायचा, शिकवणार कोण आणि साधारण किती जणांना, तेही सांगायचं. तोंडात धरायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या त्यातच मागून घ्या, प्रत्येकाला नवी द्या, नाहीतर तुमच्या मेट्रनबाई परत येतील, हेही त्यानंच सुचवलं. मॅडम ज्या ज्या कंपनीचे पंप लिहून देतात त्या सगळ्यांना मी लिहिलं. मॅडमनी सह्या केल्या त्या दोन पेशंटच्या मधे, उभ्याउभ्या, माझ्या पाठीवर कागद ठेवून.

एका कंपनीचं उत्तरच आलं नाही. दुसरीनं भलंमोठं कॅलेंडर पाठवलं. तिसरी माझा अर्ज योग्य विभागाकडे गेला आहे असं कळवत राहिली आणि मी तो योग्य विभाग कुठे आहे ते विचारत राहिले. तिथली फोनवरची बाई पुढे पुढे माझा आवाज ओळखायला लागली, मी हॅलो म्हटलं की आधी उसासा टाकायची. मॅडम म्हणाल्या, सोड आता नाद. पण मी कसली सोडते.

हा हट्ट कुठून आला माझ्यात, माहीत आहे? तुमच्या बंद गाडीतून. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नव्या माणसाला तुम्ही पहिल्या दिवशी किल्ली देतच नव्हता. गोदामामागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी, इंजिन बंद, आणि क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर, परत क्लच. लोक म्हणायचे, मास्तर, पैसे गाडी चालवायचे दिलेत, बसायचे नाही. तुम्ही म्हणायचात, बंद गाडीत चुकलेलं कुणाला लागत नाही. मीही तशीच शिकले. तरी इंजिन चालू झाल्यावर गचके देत बंद पाडायची ती पाडायचीच, म्हणून तर तुम्ही माझं नाव झटका ठेवलंत. पण बाबा, तुम्ही एकदाही कपाळाला हात लावला नाहीत. बाजूच्या सीटवर, तुमच्या त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसायचात आणि फक्त म्हणायचात, परत. मला माझ्या पेशंटसाठी तशीच एक बंद गाडी हवी होती. एवढंच होतं सगळं.

आणि एक दिवस त्या योग्य विभागाकडून खोकं आलं. आत बिनऔषधाचे पंप, नळ्यांची पुडकी आणि एक गमतीची शिट्टी. तिच्यातून श्वास आत ओढायचा. हळू ओढला तर एकच सूर निघतो, घाई केली की दोन. पंप दाबणं आणि श्वास ओढायला लागणं एकाच वेळी जमायला लागतं, मग तसंच सावकाश ओढत राहायचं आणि थोडा वेळ धरून ठेवायचं. क्लच सोडता सोडता ॲक्सिलरेटर दाबण्याचाच प्रकार तो. मी अगदी याच शब्दांत सांगते आणि गाडी चालवणाऱ्यांना एका झटक्यात कळतं. माळीकाका आता जिन्यात न थांबता वर येतात, येताना मला कसली तरी रोपं आणून देतात. शाळेतल्या बाईंचं अत्तर बंद झालं.

आता आपली गोष्ट. आत औषध नाही ही त्या पंपांवरची सूचना मुंगीच्या अक्षरात होती, म्हणून प्रत्येकावर मोठी पांढरी पट्टी चिकटवायला मी खोकं घरी आणलं. पुढे परत नेलं ते मात्र तुमच्या जावयांनी, हल्ली ते मला साधी पिशवीसुद्धा उचलू देत नाहीत. नेमके मी पट्ट्या लावत असतानाच तुम्ही आणि आई राहायला आलात. निम्म्या पंपांना पट्ट्या लागल्या होत्या, निम्मे तसेच टेबलावर, आणि त्यांच्या शेजारीच तुमचा रोज सकाळ-संध्याकाळचा खरा पंप. निघायच्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे गाडी चुकेल म्हणून सगळ्यांच्या मागे लागलात, टेबलावरून हाताला लागला तो पंप खिशात टाकलात आणि गेलात. मग एक दिवस फोनवर भलतेच खुशीत होतात. हा नवा पंप झकास आहे, घशाला खवखव नाही, तोंडाला कडू चव नाही, आणि दम्यात पहिल्यापेक्षा काडीचाही फरक नाही. मी टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यामागे हात घातला तर तिथे तुमचा खरा पंप.

तेव्हाच तुम्हाला सांगितलं, आईला औषधाच्या दुकानात पिटाळलं, त्या संध्याकाळपासून खरा पंप सुरू झाला, हे सगळं ठीकच झालं. पण पुढे मी म्हणाले, रिकाम्या आणि भरलेल्या पंपात काही फरकच पडत नसेल, तर इतकी वर्षं तुम्ही छातीला नाही, जिभेला औषध देताय. आणि मला हसू फुटलं. घाबरले होते हो मी. घाबरले की मला हसू येतं, गाडी बंद पडली की तेव्हाही यायचं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फोन ठेवलात. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या पोरीनं असं हसावं, हे लागणारच. पण जे म्हणाले ते खरं आहे बाबा, आणि खरं असलं तरी मी ते हसून सांगायला नको होतं.

सोबतच्या पुडक्यात एक बिनऔषधाचा पंप आहे, नळ्या आहेत आणि शिट्टी आहे. पंपाला या वेळी पट्टी इतकी मोठी लावलीय की आईला चष्म्याशिवाय दिसेल. तो फक्त सरावाला, रोजचं औषध तुमच्या खऱ्याच पंपातून. दर गुरुवारी दुपारी मी माझ्या खोलीत पाच-सहा पेशंटना एकत्र शिकवते. त्यात निवृत्त काकांची एक टोळी आहे. आम्हाला सगळं येतं, असं म्हणतात, शिट्टी वाजवली की दोन सूर, आणि मी काही बोलले की फुरंगटून बसतात. तुमच्यासारखेच. त्यांना मी नको, तुम्ही हवे आहात. न चिडता परत म्हणणारा माणूस आमच्या अख्ख्या दवाखान्यात नाही, मॅडमना विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात. मात्र आधी एक दिवस तुम्ही चालकाच्या सीटवर आणि मी बाजूला. इंजिन बंद. कितीही वेळा चुका, मी हसणार नाही. आणि हसलेच तर परत म्हणा.

आता खरं ते सांगते. इतके दिवस मी फोन करत होते तो पंपासाठी नव्हता. दवाखान्यात मला स्पिरिटचा वास सहन होईना, मेट्रनबाईंनी एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तपासून घे म्हणाल्या. त्यांचं नेहमी बरोबरच असतं. बाबा, तुम्ही आजोबा होताय. हे तुम्हाला सगळ्यांत आधी सांगायचं होतं. आईच्या पोटात काही राहत नाही म्हणून तिलाही बोलले नाही, आणि तुम्ही झाडांना पाणी घालत होतात. जे कोणी येईल ते माझंच लेकरू, म्हणजे गाडीला गचके देणार हे नक्की. त्याला मी शिकवणार नाही, जावईबापूंनाही शिकवू देणार नाही. लायसन्सच्या वयाचं झालं की त्याला त्या गोदामामागे बंद गाडीत बसवायचं आणि बाजूच्या सीटवर तुम्हीच बसायचं, त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. तेवढी वर्षं पुरेल इतका दम मला तुमच्या छातीत हवाय. म्हणून सांगते, शिट्टी घ्या, हळू ओढा, एकच सूर येऊ द्या. आणि आता फोन वाजेल, तो मात्र आईच्या हातात देऊ नका.

तुमचीच,
झटका